नेत्रदाहाची नावे आणि वऱ्हाडातील वार्धक्य

१

रोगाचा इतिहास म्हणजे केवळ औषधांचा व रुग्णालयांचा इतिहास नव्हे. ज्या शब्दांनी लोकांनी तो रोग ओळखला, सोसला आणि पुष्कळदा चुकीचाही ओळखला, त्या शब्दांचा इतिहास हाही त्याचाच भाग होय. प्रस्तुत निबंधात अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात वृद्धांना होणाऱ्या दाहयुक्त नेत्ररोगांचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. लेखक वैद्य नाही, भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. तेव्हा रोगनिदानाच्या क्षेत्रात अधिकार सांगण्याचा त्याचा हेतू नाही. परंतु निदानाची पहिली पायरी रुग्णालयात नव्हे, तर घराच्या ओसरीवर चढली जाते, आणि तेथे निदान करणारी शक्ती भाषा हीच असते. म्हाताऱ्या माणसाचा डोळा लाल झाला की घरातील कोणीतरी त्या लालीला नाव देते. त्या नावावरून पुढचा उपाय ठरतो, आणि उपाय करण्याची घाई की दिरंगाई हेही ठरते. नाव चुकले तर डोळा जातो, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

दाह म्हणजे लाली, सूज, उष्णता व वेदना ही चार लक्षणे. ती रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात एकत्र सांगितली. डोळ्याच्या बाबतीत अडचण अशी की, पापणी, डोळ्याचे पांढरे, पारपटल, परितारिका आणि डोळ्याचा अंतर्भाग यांपैकी कोठेही दाह झाला, तरी बाहेरून दिसणारी खूण एकच, ती म्हणजे लाली. शास्त्राला येथे अनेक नावे लागतात. बोलीला एक पुरते. या तफावतीतच आपल्या विषयाचे मर्म आहे.

२

प्रथम प्रदेशाविषयी थोडे. निजामाच्या राज्यातील वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आला, १९०२ मध्ये तो कायम पट्ट्याने त्यांच्याकडे गेला व १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात त्याचा समावेश झाला. काळी जमीन, कापूस, तुरी, ज्वारी, उन्हाळ्यातील प्रखर ऊन आणि धूळ ही या भागाची ओळख. उत्तरेस मेळघाटात कोरकू लोकांची वस्ती असून त्यांची भाषा मराठीच्या कुळातील नव्हे, तर मुंडा कुळातील आहे. डोळ्याला कोरकूत ‘मेड’ म्हणतात आणि संथालीतील ‘मेत’ हा त्याचा सगोत्र शब्द होय. मराठीत लिहिलेले आरोग्यविषयक सूचनापत्रक मेळघाटात पोचले, तरी समजलेच असे धरून चालता येत नाही, हे या एका शब्दावरूनही ध्यानात यावे.

अंधत्वाची सरकारी मोजणी भारतात १८८१ ते १९३१ च्या जनगणनांतून होत असे. अंध, मूकबधिर, वेडे व कुष्ठरोगी असे चार प्रकारचे ‘अपंग’ त्यांत नोंदले जात. १८८१ च्या वऱ्हाडच्या गणनेचा अहवाल यूस्टेस किट्स याने लिहिला. मोजणीचा दंडक असा की, दोन्ही डोळ्यांनी न दिसणारासच अंध समजावे. एका डोळ्याने गेलेल्याची नोंद करू नये. या दंडकाने फार मोठा इतिहास गाळला गेला. कारण दाहाने जाणारा डोळा बहुधा आधी एकच जातो. बुबुळावर फूल पडलेला शेतकरी सरकारच्या दृष्टीने डोळस ठरला. उलट, वयोमानाने अंधुक दिसणारी म्हातारी माणसे गणकाला सरळ ‘आंधळी’ म्हणून सांगण्यात येत व आकडा फुगे, अशी तक्रार तत्कालीन अहवालांतून आढळते. कारणे सांगताना ऊन, धूळ आणि चुलीचा धूर यांवर अहवालकारांचा भर असे. दाहाने गेलेली दृष्टी आणि वयाने मंदावलेली दृष्टी यांतील भेद या कोष्टकांत कोठेच उरला नाही.

याच १८८१ साली अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे गुलाबराव महाराजांचा जन्म झाला. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. १९१५ मध्ये निधन होईपर्यंत शंभराहून अधिक ग्रंथ रचणाऱ्या या पुरुषाला लोकांनी ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटले. आपल्या भाषेने अंधत्वाला सन्मानाची नावे दिली, ही तिची थोरवी होय. मात्र अंधत्वाकडे नेणाऱ्या रोगांना नावे देताना तिने तेवढी काटेकोर दृष्टी वापरली नाही.

३

शास्त्रीय परंपरेत ही काटेकोर दृष्टी होती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग सांगितले आहेत व त्यांची स्थानांनुसार वाटणी केली आहे: संधींचे ९, पापण्यांचे २१, शुक्ल भागाचे ११, कृष्ण भागाचे ४, सर्व नेत्र व्यापणारे १७, दृष्टीचे १२ व बाह्य कारणांचे २. वाग्भटाने ही संख्या ९४ केली. सुश्रुताच्या मते बहुतेक नेत्ररोगांचे मूळ ‘अभिष्यंद’ हे होय. अभिष्यंद म्हणजे पाझरणे, स्रवणे. आजच्या ‘डोळे येणे’ या प्रकाराशी त्याचे साम्य उघड आहे. निदानस्थानात माणसाकडून माणसाकडे संक्रमण पावणाऱ्या रोगांच्या यादीतही त्याने नेत्राभिष्यंद घातला आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. अभिष्यंदाची उपेक्षा झाली तर ‘अधिमंथ’ होतो, असे सुश्रुत सांगतो. डोळा घुसळून निघाल्यासारखी वेदना, अर्ध्या डोक्यात कळा, आणि ठरावीक मुदतीत दृष्टीचा नाश, ही त्याची लक्षणे. कफज अधिमंथ सात रात्रींत, वातज सहा, रक्तज पाच रात्रींत दृष्टी नेतो आणि पित्तज तर तत्काळ नेतो. या मुदती आजच्या वैद्यकाला मान्य होतील असे नाही; पण त्यांतील दृष्टिकोन ध्यानात घेण्याजोगा आहे. येथे रोगाच्या नावातच काळाची मर्यादा बांधलेली आहे. अभिष्यंद म्हटले की काळजी, अधिमंथ म्हटले की घाई, असा तो संकेत होता. वृद्धांत आढळणाऱ्या कोरड्या दाहाचेही वर्णन तेथे ‘शुष्काक्षिपाक’ या नावाने आले आहे: पापण्या रुक्ष व कठीण होतात, दृष्टी गढूळ होते, डोळा उघडताना कष्ट पडतात.

मराठीत ‘अभिष्यंद’ वैद्यांच्या पोथीत राहिला. ‘अधिमंथ’ तर लोकभाषेत उतरलाच नाही. त्याच्या जागी काही आलेही नाही. घाई सुचविणारे नाव गळून पडले आणि काळजी सुचविणारे तेवढे उरले.

४

ते उरलेले नाव म्हणजे ‘डोळे येणे’. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. केळीची केयी होते, काळ्याचा काया होतो. त्याच नियमाने येथे ‘डोये आले’ असे म्हणतात. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडीची नोंद झाली, तेव्हापासून ही विशेषता अभ्यासकांना परिचित आहे. आपल्याला येथे उच्चारापेक्षा क्रियापद महत्त्वाचे आहे. ताप येतो, गोवर येतो, देवी येतात, कांजण्या येतात, तसे डोळेही येतात. मराठीत ‘येणे’ या क्रियापदाने व्यक्त होणारे आजार पाहुण्यासारखे आहेत. ते आपण होऊन येतात, काही दिवस राहतात व आपण होऊन जातात. त्यांत रोग्याचे कर्तृत्व नाही आणि बहुधा वैद्याचेही नाही. ज्याने डोळे ‘येऊ’ दिले त्याने ते ‘जाऊ’ही द्यावेत, एवढीच अपेक्षा असते. आणि भाषेची क्रूर गंमत अशी की, ‘डोळे जाणे’ याचा मराठीतील अर्थ बरे होणे असा नसून आंधळे होणे असा आहे.

साथीच्या बाबतीत हे पाहुण्याचे रूपक बरेचसे खरे ठरते. १९६९ मध्ये घाना देशात नेत्ररक्तस्रावाची एक नवी साथ आढळली. त्याच वर्षी मनुष्य चंद्रावर उतरला होता, म्हणून तेथील लोकांनी तिला ‘अपोलो’चे नाव दिले. १९७१ मध्ये ती भारतात पसरली. बांगला मुक्तिसंग्रामातील निर्वासितांचे लोंढे तेव्हा येत असल्याने पश्चिम बंगालात तिला ‘जय बांगला’ म्हणू लागले. लोक रोगाला नाव देतात तेव्हा त्यात आपला काळ नोंदवून ठेवतात, याचे हे उत्तम उदाहरण होय. वऱ्हाडात मात्र प्रत्येक साथीला तेच जुने नाव मिळाले. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची मोठी साथ आली आणि तिच्या आरंभी वऱ्हाडातीलच बुलढाणा जिल्ह्यात सर्वाधिक रुग्ण नोंदले गेले. अशा साथीत बहुतेकांचे डोळे आठ-पंधरा दिवसांत निवळतात.

परंतु तरुणाचे जे निवळते ते वृद्धाचे निवळेलच असे नाही, कारण वृद्धाची लाली पुष्कळदा वेगळ्याच मूळची असते. परितारिकेचा दाह, पारपटलावरील व्रण, डोळ्यातील दाब एकाएकी वाढविणारा काचबिंदू ही सर्व बाहेरून लालच दिसतात. कापूस वेचताना वा तुरी कापताना डोळ्याला पाते अगर काडी लागली, की त्या जखमेत बुरशी धरते व हळूहळू बुबुळावर पांढुरके क्षत पडते. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र ‘डोये आले’ एवढेच असते. मग दूध, मध, तुरटीचे पाणी किंवा काजळ घातले जाते. कोणी दुकानातून मागच्या वेळची बाटली आणतो. तीत स्टेरॉइड असेल तर लाली तात्पुरती ओसरते व बुरशीला रान मोकळे होते. फरक ओळखण्याच्या खुणा खरे तर अवघड नाहीत. साध्या डोळे येण्यात चिपडे पुसली की पूर्वीसारखे दिसते. दृष्टी अंधुक झाली, उजेड सोसेना, खोलवर ठणका लागला, किंवा एकच डोळा लाल राहिला, तर ते डोळे येणे नव्हे. सुश्रुताच्या परिभाषेत बोलायचे तर तेथे अभिष्यंद संपून अधिमंथ सुरू झालेला असतो.

५

दुसरे नाव ‘खुपऱ्या’. पापणीच्या आतल्या बाजूस खरखरीत दाणे उठणे हा हा रोग. सुश्रुताने त्याच जातीच्या विकाराला ‘पोथकी’ म्हणून त्यातील पिटिकांना मोहरीची उपमा दिली आहे. हा मुख्यतः बालपणीचा संसर्ग. परंतु त्याचे फळ वार्धक्यात भोगावे लागते. पुनःपुन्हा दाह होऊन पापणीच्या आत व्रणाचे जाळे तयार होते, ते आकसते, पापणी आत वळते आणि तिचे केस बुबुळावर घासू लागतात. जन्मभर प्रत्येक उघडझापीबरोबर पारपटल खरवडले जाऊन शेवटी ते पांढरे होते. सुश्रुताने यास ‘पक्ष्मकोप’ म्हटले आहे आणि पापणीवरील त्वचेचा यवाच्या आकाराचा तुकडा काढून केसाने शिवण्याची शस्त्रक्रिया वर्णिली आहे.

आधुनिक काळात १९०७ मध्ये हाल्बरश्टेटर व प्रोवाझेक यांनी या रोगातील पेशींत विशिष्ट कण पाहिले. १९५७ मध्ये चीनमधील तांग फेइफान यांना त्याचा जंतू वेगळा करता आला. भारतात १९५६ मध्ये खुपऱ्यांच्या नियंत्रणाची पथदर्शी योजना व १९६३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तोच पुढे १९७६ च्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात विलीन झाला. पंजाब, राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेश हे कोरडे प्रांत या रोगाचे मुख्य क्षेत्र होते व वऱ्हाड त्या पट्ट्याबाहेरचा. तरीही धूळ, माश्या व पाण्याची टंचाई येथेही होतीच. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे स्वीकारलेल्या धोरणाची चार अंगे अशी: शस्त्रक्रिया, प्रतिजैविके, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसराची स्वच्छता. यांतील शेवटची दोन वाचताना अमरावती जिल्ह्यातील शेंडगावच्या डेबूजींची, म्हणजे गाडगे महाराजांची (१८७६–१९५६) आठवण होणे स्वाभाविक आहे. खराटा हाती घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या त्या पुरुषाने नेत्ररोगाचा उच्चार केला की नाही हा प्रश्न गौण आहे. रोगाचे घर कोठे असते हे त्यांनी वैद्यकाच्या भाषेवाचून लोकांना दाखविले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील खुपऱ्यांचे सार्वजनिक आरोग्यप्रश्न म्हणून उच्चाटन झाल्याचे मान्य केले. ही आनंदाची गोष्ट होय. पण संसर्ग थांबला म्हणून व्रण पुसले जात नाहीत. जुन्या काळी खुपऱ्या झालेल्या माणसाच्या आत वळलेल्या पापण्या त्याच्याबरोबरच राहणार, आणि शब्द विस्मरणात गेला तर त्या पापण्या उलटून पाहण्याचे कोणाला सुचणारही नाही. रोग संपतो तेव्हा त्याचे नाव लगेच संपू देऊ नये, असा याचा अर्थ.

६

तिसरा शब्द अधिक विचार करण्याजोगा आहे: मोतीबिंदूचे ‘पिकणे’. मोतीबिंदू हा मुळात दाह नव्हे. भिंगाला आलेली अपारदर्शकता होय. परंतु वऱ्हाडातील शेतकरी भाषेने त्याला फळाच्या पंगतीत बसविले. कच्चा मोती काढू नये, पिकू द्यावा, असा सार्वत्रिक समज रूढ झाला. ‘पिकणे’ हे क्रियापद संस्कृत ‘पक्व’, प्राकृत ‘पिक्क’ या मार्गाने आले आहे, आणि त्याच पच् धातूपासून ‘पाक’ हा शब्द येतो. वैद्यकात पाक म्हणजे दाहाची परिणती. ‘अक्षिपाक’ हा डोळ्याचा दाहच. गळू पिकते या प्रयोगात तो अर्थ मराठीनेही राखला आहे. मात्र मोतीबिंदूच्या बाबतीत लोकांनी गळवाचा अर्थ सोडून आंब्याचा अर्थ घेतला.

हा समज अडाणीपणाचा होता असे मात्र कोणी म्हणू नये. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये दाव्हिएलने भिंग बाहेर काढण्याची रीत रूढ केली. त्या रीतीत कच्च्या भिंगाचा चिकट भाग डोळ्यात उरे व त्यापासून तीव्र दाह होई. म्हणून मोती पूर्ण पिकेपर्यंत थांबावे, हा सल्ला शस्त्रवैद्यांचाच होता. त्याआधीच्या, सुईने भिंग खाली ढकलण्याच्या प्राचीन रीतीतही दाह हाच मोठा शत्रू होता. रॉबर्ट एलियट याने १९१७ च्या आपल्या ग्रंथात या भारतीय शस्त्रक्रियेनंतर नष्ट झालेल्या डोळ्यांची चिकित्सा केली, तेव्हा आतील दाह आणि वाढलेला दाब हीच अपयशाची प्रमुख कारणे त्याला आढळली. पुढे तंत्र बदलले. १९४९ मध्ये हॅरॉल्ड रिडली याने लंडन येथे कृत्रिम भिंग बसविले, १९६७ मध्ये केल्मनने सूक्ष्म कंपनांनी भिंग फोडून काढण्याची रीत आणली, आणि १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा मोठा कार्यक्रम राबविला गेला. आता थांबण्याचे कारण उरले नाही. सल्ला कालबाह्य झाला, पण शब्दात तो जिवंत राहिला.

आणि शब्दाने आपला सूड घेतला. अति पिकलेल्या मोतीबिंदूतील द्रव्य पाझरून डोळ्यात उतरते, पाण्याच्या निचऱ्याची वाट बुजते, दाब चढतो व डोळा लाल होऊन असह्य ठणकू लागतो. कधी फुगलेले भिंगच ती वाट अडविते. पिकण्याची वाट पाहता पाहता खरोखरीचा पाक होतो.

प्रस्तुत लेखकाच्या आजीचा उजवा डोळा असाच गेला. “आजून पिकला नाही बाप्पा, पिकू दे,” हे तिचे वाक्य घरात सर्वांनी मान्य केले होते, कारण सर्वांची भाषा तीच होती. एका पेरणीच्या हंगामात तो डोळा लाल झाला, तेव्हा “डोये आले” असे निदान झाले. चार दिवस दूध घातले गेले. पेरणी आटोपून तिला शहरात नेईपर्यंत त्या डोळ्याला उजेडही कळेनासा झाला होता. कोणी हेळसांड केली असे नाही. माणसे प्रेमळ होती. दोन शब्दांनी मिळून तो डोळा नेला. एकाने उशीर शिकविला व दुसऱ्याने उशीर झाल्याचे झाकून ठेवले.

७

आणखी दोन अवस्थांचा उल्लेख अवश्य आहे. ‘नागीण’ हे नाव मात्र घाई शिकविते. लहानपणी येऊन गेलेल्या कांजण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दबा धरून बसतो व उतारवयात जागा होतो. अंगाभोवती नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, हा समज खोटा आहे. परंतु कपाळावर व नाकाच्या शेंड्यावर उठलेली नागीण डोळ्यात उतरून आतील दाह करू शकते, ही गोष्ट खरी आहे. पहिल्या ७२ तासांत विषाणुरोधक औषध सुरू झाल्यास बराच लाभ होतो. लोकांची भीती खरी होती, तिचे स्थान तेवढे चुकले होते. गेरू लावण्यात जाणारे तीन दिवस हेच मोलाचे तीन दिवस होत.

उलट कुष्ठरोगातील नेत्रदाहाला नावच नाही. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी उभारलेल्या तपोवनाने या रुग्णांना घर दिले. कुष्ठरोगात चेहऱ्याचा मज्जातंतू लुळा पडून पापणी मिटेनाशी होते, पारपटलाची संवेदना जाते आणि परितारिकेचा मंद दाह वर्षानुवर्षे चालू राहतो. दुखत नाही म्हणून कोणी सांगत नाही. सांगत नाही म्हणून शब्द घडत नाही. १९८१ नंतर बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला, तरी बरे होऊन म्हाताऱ्या झालेल्या माणसांचे डोळे तपासत राहणे प्राप्तच आहे. वेदना हीच जेथे भाषेची जननी असते, तेथे वेदनेचा अभाव माणसाला दुहेरी मुका करतो.

८

वरील विवेचनातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा. वऱ्हाडी बोली नेत्ररोगांच्या बाबतीत दरिद्री नाही. फूल पडणे, वडस, रांजणवाडी, झापड, खुपऱ्या असा तिचा संग्रह आहे. पण तिच्या नावांत स्थळ आणि रूप यांचे ज्ञान आहे, काळाचे नाही. किती दिवस थांबावे, केव्हा धावावे, हे ती सांगत नाही. आणि जेथे सांगते, तेथे ‘पिकू दे’ म्हणून उलटे सांगते. परिभाषाकारांनी ‘नेत्रश्लेष्मलाशोथ’, ‘परितारिकाशोथ’ असे निर्दोष शब्द घडविले. परंतु ओसरीवर बसलेल्या म्हातारीच्या कानी ते पडले तरी तिला त्यांचा उपयोग नाही. तिला तिच्याच बोलीतील एक नवे वाक्य हवे आहे.

ते वाक्य घडविणे हे एकट्या वैद्याचे काम नव्हे. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थी बोलीचे शब्दसंग्रह करण्यासाठी दर्यापूर, मूर्तिजापूर, अचलपूर, अकोट या तालुक्यांत जातात. त्यांनी नेत्ररोगाचा शब्द टिपताना त्याच्यापुढे आणखी तीन गोष्टी टिपाव्यात: हे नाव उच्चारल्यावर घरात काय करतात, किती दिवस वाट पाहतात, आणि कोणाकडे जातात. असा कोश तयार झाला तर तो भाषाशास्त्राला उपयोगी पडेलच. शिवाय ज्या आरोग्यसेविकेला म्हाताऱ्यांशी ‘डोये’ या शब्दानेच बोलावे लागते, तिलाही तो हाताशी धरता येईल. “पाणी गळते तोवर डोये आले म्हणा, दिसणे कमी झाले की डोये चालले म्हणा,” असे एखादे वाक्य गावात रुळले, तर ‘येणे’ आणि ‘जाणे’ ही आपली दोन जुनी क्रियापदेच अभिष्यंद व अधिमंथ यांचे काम करू लागतील.